पहिल्या रविवारचं प्रभुभोजन तिसऱ्या रविवारीही सुरू झालं, त्याची हकीकत

आमची मंडळी, म्हणजे आमचं ख्रिस्ती चर्च, नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, महिन्याच्या पहिल्या रविवारी असायचं. तो रविवार चुकला की थेट पुढचा महिना. कारखान्यात पाळीने कामाला जाणारे, दवाखान्यात ड्यूटी असणाऱ्या नर्सबाई, यांना कितीदा दोन-दोन, तीन-तीन महिने प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येता यायचं नाही. म्हणून दर रविवारी प्रभुभोजन व्हावं असा अर्ज आम्ही काही बायकांनी केला.

सह्या सहज मिळाल्या. पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचीही ना नव्हती. अडलं ते मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत.

आधी कितीतरी बैठकांत विषयच निघाला नाही. रंगकाम, कंपाउंडची भिंत, नाताळचा मंडप, आणि आमचा अर्ज ‘पुढील बैठकीत’. मी विचारायला गेले की उत्तर ठरलेलं, “बाई, वारंवार घेतलं की त्याची किंमत राहत नाही.” मला याचा फार राग यायचा, आजही येतो. बायबलचं वचन आपण दर रविवारी ऐकतो, प्रार्थना दररोज करतो, त्यांची किंमत कमी झाली का? बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात त्रोवस गावचे विश्वासणारे आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमले होते. पहिल्या मंडळीला ते जास्त वाटलं नाही.

दुसरं कारण, “मिशनरी साहेबांनी घालून दिलेली पद्धत आहे.” आमच्याकडे सुवार्ता आणली ती अमेरिकन मराठी मिशनने. हे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. त्यांचं ऋण मोठं आहे. पण १९७० साली नागपूरला वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा त्यात अँग्लिकन आले, डिसायपल्स आले, आणि त्यांच्यात दर रविवारी मेज मांडण्याची रीत होती. एकाच चर्चमध्ये दोन्ही रिती मान्य असताना आमचीच तेवढी अटळ कशी? आणि ज्या रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट परंपरेतून हे मिशन आलं, तिच्या कॅल्विन या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकालाच प्रभुभोजन निदान आठवड्यातून एकदा हवं होतं. जिनिव्हाच्या नगर परिषदेने ते ऐकलं नाही. १५४१ मध्ये वर्षातून चार वेळा ठरलं. म्हणजे कमिटीत अडकलेला आमचा पहिलाच अर्ज नव्हे.

शेवटी खरं कारण बाहेर आलं. पाळकसाहेबांकडे आणखी दोन गावांच्या मंडळ्या आहेत, आणि ऑर्डेन झालेल्या, म्हणजे रीतसर दीक्षा मिळालेल्या पाळकाशिवाय आपल्याकडे प्रभुभोजन देता येत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर आम्ही त्यावरच बोललो असतो! ‘किंमत राहत नाही’ हे ऐकून सह्या करणाऱ्या म्हाताऱ्या बायका उगीच दुखावल्या. आपण काही चुकीचं मागतोय की काय, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

कारण कळल्यावर मार्ग लवकर निघाला. दुसऱ्या गावची उपासना दुपारी ठेवली आणि आमच्याकडे पहिला व तिसरा रविवार ठरला. तिसऱ्या रविवारी पहिल्यांदाच मेजाजवळ गुडघे टेकले तेव्हा मला रडू आवरेना. दर रविवारची मागणी आम्ही सोडलेली नाही.

तुमच्याकडे असं काही करायचं असेल तर अर्जाची पोच सही-तारखेसह घ्या. आमचा पहिला अर्ज ‘सापडत नाही’ म्हणाले, तेव्हा पोचच कामी आली. आणि पाळकांचं महिन्याचं वेळापत्रक आधी मागून घ्या, वादाला नंतर बसा. छोटे पेले धुणं, भाकर कापणं ही कामं कोण करणार ते नावांसकट लिहून द्या, म्हणजे ती अडचण कोणी काढणार नाही. प्रभुभोजनाचा द्राक्षरस आम्ही घरीच करतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काळी द्राक्षं स्वस्त असतात तेव्हा उकळून, गाळून बाटल्या भरून ठेवायच्या. वेळ वाढेल म्हणतात, तर रांगेऐवजी गटाने पुढे बोलवा, फरक पडतो.

आणि हे अर्जातच घाला, आमच्याकडून राहिलं होतं म्हणून वेगळं मागावं लागलं: अंथरुणाला खिळलेल्या सभासदांकडे त्याच दिवशी संध्याकाळी पाळकांनी प्रभुभोजन घेऊन जावं. रिक्षाचं भाडं मंडळीने द्यावं, तेही लिहा.