उत्तर काढता येईल असा प्रश्न: सोलापुरात प्रश्नमंजुषा घेणाऱ्यांसाठी

गणेशोत्सव असो, वाचनालयाचा वर्धापनदिन असो की कॉलेजचं स्नेहसंमेलन, प्रश्नमंजुषा ठरली की पहिली धावपळ हॉल, माइक आणि बक्षिसांची होते. प्रश्न मात्र आदल्या रात्री मोबाइलवर शोधून काढले जातात. ‘अमुक यांचा जन्म कधी झाला’, ‘तमुक पुरस्कार कोणत्या वर्षी मिळाला’ असे. असल्या प्रश्नात संघाला करण्यासारखं काहीच नसतं. माहीत असेल तर सांगायचं, नसेल तर ‘पास’ म्हणायचं. संगीत, इतिहास, राजकारण, सिनेमा यांवरची प्रश्नमंजुषा रंगते ती, उत्तर पाठ नसलेल्या संघालाही आपसात कुजबुजत ते काढता येतं तेव्हा.

एक प्रश्न घडवून बघू. ‘वालचंद हिराचंद यांचा जन्म कुठे झाला?’ हा सोलापुरात विचारला तर अर्धं सभागृह ओरडून उत्तर देईल आणि बाहेर विचारला तर बहुतेक संघ गप्प बसतील. आता तोच उलटा करा: ‘५ एप्रिल हा भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात, कारण १९१९ साली त्या तारखेला लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. हे जहाज ज्या कंपनीचं होतं, तिच्या संस्थापकांपैकी एकाने पुढे १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. समुद्रापासून कोसो दूर असलेल्या आपल्याच शहरात जन्मलेला हा उद्योजक कोण?’ इथे जहाज, विमान आणि गाव असे तीन धागे आहेत. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन हे नाव आठवलं तरी चालतं, हिंदुस्थान एअरक्राफ्ट आठवलं तरी चालतं. काहीच आठवलं नाही तर ‘आपल्याकडचा मोठा उद्योजक कोण’ एवढ्यावरूनही पोचता येतं. धाग्यांचा क्रम अवघडाकडून सोप्याकडे ठेवायचा. सोपा धागा पहिल्याच वाक्यात आला तर पुढचं कोणी ऐकत नाही. आणि लांबी चार ओळींच्या आत हवी. वाचायला तीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, की मागच्या रांगेतले पहिला धागा विसरलेले असतात.

सोलापुरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. इथल्या एकाच संघात घरी तेलुगू बोलणारा, कन्नड बोलणारी आणि उर्दू शाळेत शिकलेला असे तिघे बसलेले असू शकतात. सगळा संगीत विभाग नाट्यगीतांवर बेतला तर निम्मे स्पर्धक बाहेर पडतात, आणि त्यात त्यांच्या ज्ञानाचा दोष नसतो. म्हणून एका प्रश्नात दोन वाटा ठेवाव्यात. ‘बाराव्या शतकातल्या ज्या शिवयोग्याची कन्नड वचनं प्रसिद्ध आहेत आणि ज्याच्या यात्रेत संक्रांतीला नंदीध्वज निघतात, तो कोण?’ कन्नड घरातली मुलगी वचनांवरून सिद्धरामेश्वरांपर्यंत येते, मराठी मुलगा नंदीध्वजांवरून. सिनेमात हे आणखी सोपं आहे. ‘सैराट’चं गाणं मराठीत वाजवलं तर तो प्रश्नच राहत नाही. तेच त्याच्या २०१७ सालच्या कन्नड रिमेकमधून, ‘मनसु मल्लिगे’मधून वाजवा आणि विचारा, की या सिनेमाची नायिका आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या गावची? चाल सगळे ओळखतात, पण कन्नड सिनेमाची नायिका म्हणजे कोणी वेगळी असणार असं वाटतं. रिंकू राजगुरू दोन्हींत आहे, हे आठवणाऱ्याला अकलूज हे उत्तर मिळतं.

ऑडिओ फेरीवर मात्र वेळ खर्च करा. बहुतेक गोंधळ तिथेच होतात. तुकडा पंधरा ते वीस सेकंदांचा पुरे. मुखडा द्यायचा नाही, सुरुवातीचं किंवा दोन कडव्यांमधलं वाद्यसंगीत द्यायचं. वेगवेगळ्या काळातली ध्वनिमुद्रणं वेगवेगळ्या आवाजपातळीची असतात. १९५०च्या दशकातलं गाणं ऐकू येईना म्हणून आवाज वाढवावा आणि पुढच्याच गाण्याला कान बधिर व्हावेत, असं होतं. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात सगळे तुकडे एकाच पातळीवर आणून ठेवा आणि शेवटी एक सेकंदाचा फेड द्या, म्हणजे आवाज हळूहळू विरू द्या, म्हणजे तुकडा कापल्यासारखा वाटत नाही. फाइलचं नाव ‘प्र१४’ असं ठेवा. गाण्याच्या नावाने सेव्ह केलेली फाइल उघडली की प्रोजेक्टरवर उत्तर आधी दिसतं. ब्लूटूथ स्पीकर वापरू नका. ऐन वेळी तो दुसऱ्याच कोणाच्या फोनला जोडला जातो, शिवाय तुकड्याचं पहिलं अर्धं सेकंद गिळतो. साधी वायर घ्या, आणि हॉलमध्ये पंखे सुरू करूनच आवाज तपासा, कारण स्पर्धेच्या वेळी ते सुरूच असणार. तुकडा दोनदा वाजेल, तिसऱ्यांदा नाही, हे आधीच सांगून टाका.

‘गायक कोण?’ हा प्रश्न सोपा दिसतो, पण फसवा आहे. उत्तर गाण्याचं नसतं, त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचं असतं. गीतरामायणाचंच बघा. गदिमांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली, आणि आज सगळ्यांच्या कानात फडक्यांचाच आवाज. पण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ती प्रसारित होऊ लागली तेव्हा वेगवेगळ्या पात्रांची गीतं माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे अशा वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. तेव्हा ‘हे गीत गीतरामायणात कोणी गायलं?’ असं मोघम विचारलं तर दोन संघ दोन उत्तरं देतील आणि दोन्ही बरोबर असतील. ‘आत्ता वाजलेला आवाज कोणाचा?’ असं विचारा. हाच विषय चांगल्या प्रश्नालाही उपयोगी पडतो. ‘साधी माणसं’मधलं गाणं वाजवून संगीतकाराचं नाव विचारलं, तर श्रेयनामावलीतलं ‘आनंदघन’ हे नाव सांगणाऱ्याला पूर्ण गुण द्यायचे की लता मंगेशकर म्हणणाऱ्याला? दोघांनाही. पण हे उत्तरपत्रिकेत आधी लिहिलेलं हवं, मंचावर ठरवायचं नाही.

राजकारणाच्या प्रश्नांत ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’, ‘सर्वांत कमी’ हे शब्द आले की दोनदा थांबा. ‘सर्वांत कमी काळ मुख्यमंत्री कोण होते?’ या प्रश्नाला १९६३ सालचे बाळासाहेब (पी. के.) सावंत हे उत्तर जुन्या पुस्तकांत सापडेल. पण नोव्हेंबर २०१९ मधली देवेंद्र फडणवीसांची कारकीर्द त्याहून छोटी होती, आणि त्यांची एकूण कारकीर्द मात्र कितीतरी मोठी आहे. एका कारकिर्दीचा काळ की एकूण, हे प्रश्नातच आलं पाहिजे. ‘सध्या’ हा शब्द तर प्रश्नातून काढूनच टाका. त्याऐवजी तारीख घाला: ‘१ ऑगस्ट २०१४ रोजी महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा कोणता झाला?’ हा प्रश्न दहा वर्षांनीही चालेल. सालांचंही तसंच. ‘फँड्री’ महोत्सवांत २०१३ मध्ये दाखवला गेला, चित्रपटगृहांत आला फेब्रुवारी २०१४ मध्ये. साल हेच उत्तर असेल तर कशाचं साल, ते लिहा. माझं मत विचाराल तर साल हे उत्तर ठेवूच नका, धागा म्हणून वापरा.

पडताळणी करताना दोन संकेतस्थळं जुळली म्हणजे झालं असं नाही. पुष्कळदा दुसऱ्याने पहिल्याचंच उचललेलं असतं. सिनेमासाठी श्रेयनामावली, शासकीय गोष्टींसाठी राजपत्र किंवा विधिमंडळाचं संकेतस्थळ, जुन्या घटनांसाठी छापील चरित्र किंवा कोश, असं एक तरी मूळ साधन हवं. शहराच्या इतिहासात आणखी जपा. १९३०च्या मार्शल लॉबद्दल, म्हणजे इंग्रजांनी शहरात लावलेल्या लष्करी कायद्याबद्दल, इथे घराघरांत आठवणी आहेत आणि त्या एकमेकींशी जुळतातच असं नाही. पक्क्या गोष्टींवर विचारा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी गेलेले चौघे कोण? चार हुतात्म्यांचे पुतळे रोज बघणाऱ्यांनाही मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन ही चारही नावं एका दमात येत नाहीत. हा प्रश्न लेखी फेरीत घ्यावा, प्रत्येक नावाला अर्धा गुण.

लेखी चाळणी फेरी पंचवीस प्रश्नांची, अर्ध्या तासाची. पाच प्रश्नांना तारा. गुण सारखे पडले तर ज्याचे तारांकित जास्त बरोबर तो पुढे. तरीही सारखे असतील तर पहिल्या प्रश्नापासून तपासत जायचं, ज्याचा आधी चुकला तो मागे. उत्तर कोणत्याही लिपीत चालेल असं जाहीर करा आणि तपासायला कन्नड, तेलुगू, उर्दू वाचता येणारं माणूस बसवा. नुसतं आडनाव तेव्हाच मान्य करा जेव्हा त्यावरून माणूस एकच ठरतो. ‘मंगेशकर’ला गुण नाहीत.

अंतिम फेरीला सहा संघ, प्रत्येकी तिघे. आठ संघ घेतले की बाउन्स होत, म्हणजे एकाला न आलेला प्रश्न पुढच्याकडे सरकत, शेवटच्या संघापर्यंत जाईस्तोवर प्रेक्षक चहाला गेलेले असतात. छत्तीस प्रश्न, सरासरी दोन मिनिटं, म्हणजे सव्वा तास धरा. प्रत्येक संघाला ठरलेला ‘आपला’ प्रश्न देण्याची जुनी पद्धत सोडा. तिच्यात बसण्याच्या जागेवर नशीब ठरतं, कारण कच्च्या संघाच्या शेजारी बसणाऱ्याला त्याचे सगळे प्रश्न आयते मिळतात. त्याऐवजी सलग बाउन्स ठेवा. पहिला प्रश्न एक नंबरच्या संघाला, तो तीन नंबरने सोडवला तर पुढचा थेट चार नंबरला. कोणालाच आला नाही तर पुढचा प्रश्न, ज्याला आधीचा थेट गेला होता त्याच्या शेजाऱ्याला. अर्ध्यावर दिशा उलटी करा. थेट प्रश्नाला तीस सेकंद, बाउन्सला दहा.

पाउन्स म्हणजे आपली पाळी नसताना चिठ्ठीवर उत्तर लिहून देणं. बरोबर असेल तर अधिक दहा, चुकलं तर उणे पाच. उणे ठेवलं नाही तर प्रत्येक संघ प्रत्येक प्रश्नाला चिठ्ठी टाकतो आणि स्वयंसेवक धावून दमतात. चिठ्ठ्या आधीच छापून घ्या, त्यावर संघ क्रमांक आणि प्रश्न क्रमांक हवा. ‘पाउन्स बंद’ हे शब्द उच्चारून, चिठ्ठ्या हातात आल्यावरच थेट संघाला तोंड उघडू द्या. तो आधी बोलला तर त्याचं ऐकून बाकीचे लिहितात.

गुण लिहायला दोन माणसं हवीत, एक फळ्यावर आणि एक वहीत, आणि दर सहा प्रश्नांनी दोघांनी ताळा घ्यावा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत तारीख ठेवू नका. मंदिर परिसरातली गर्दी ओलांडून बाहेरगावचे संघ वेळेवर पोचत नाहीत. उत्तरावर हरकत आली तर संघाने पुढचा प्रश्न सुरू होण्याआधी घ्यावी, क्विझमास्टरने आपलं साधन दाखवावं आणि मिनिटभरात निर्णय द्यावा. प्रश्नच मुळात चुकीचा निघाला तर तो रद्द करून राखीव प्रश्नांतला एक त्याच संघापासून पुन्हा विचारावा. त्यासाठी चार-पाच राखीव प्रश्न, एक ऑडिओचा धरून, वेगळ्या फाइलमध्ये तयार असू द्या.