अलास्काला जायचंय, पण कुठल्या क्रूझनं?

फेब्रुवारी-मार्च आला की सिअ‍ॅटलमध्ये बरीच वर्षं राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना एक प्रश्न हमखास येतो. "आई-बाबा उन्हाळ्यात येताहेत, त्यांना अलास्काची क्रूझ करवायची आहे. कुठली कंपनी घेऊ?" मंडळाच्या कार्यक्रमात, फोनवर, कधी इंडियन स्टोअरच्या रांगेतसुद्धा. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कंपनीचा विचार थोडा बाजूला ठेवा. ती बोट सात दिवसांत कुठे कुठे नेते, ते आधी बघा. कॅरिबियनच्या क्रूझमध्ये बोट हीच निम्मी सहल असते. अलास्कात सगळं बघण्यासारखं बोटीच्या बाहेर आहे. त्यामुळे घसरगुंड्या, गो-कार्ट आणि रोजचे शो पाहून जास्तीचे पैसे मोजू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

मार्गात मी सर्वांत आधी एकच गोष्ट शोधते, ती म्हणजे ग्लेशियर बे, हिमनद्यांची खाडी. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ बोटींना प्रवेश मिळतो. हे परवाने सर्वाधिक हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या दोन कंपन्यांकडे आहेत. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटी तिथे जात नाहीत, त्या हबर्ड किंवा डॉज हिमनदीकडे नेतात. म्हणजे कंपनीचा प्रश्न इथे आपोआप बराचसा सुटतो. प्रिन्सेस किंवा हॉलंड अमेरिका असली तरी प्रत्येक फेरीत ग्लेशियर बे असेलच असं नाही, म्हणून तारखेवर क्लिक करून त्या फेरीचा दिवसवार कार्यक्रम वाचाच.

या एका दिवसासाठी मी एवढा हट्ट का धरते? १७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथे आली, तेव्हा ही खाडी जवळपास नव्हतीच. बर्फाच्या अजस्र भिंतीला पडलेली एक छोटी खाच होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ कितीतरी मैल मागे सरकला होता. आज खाडी सुमारे ६५ मैल लांब आहे. बोट ज्या पाण्यावरून दिवसभर सावकाश जाते, तिथे सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी बर्फच होता. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या होडीतून येऊन बोटीवर चढतात आणि लाऊडस्पीकरवरून माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबते. पाण्यावर अडीचशे फूट उंच निळसर कडा, त्याचा तुकडा सुटून खाली येताना आधी दिसतो आणि गडगडाट मागून ऐकू येतो. माझे सासरे माकडटोपी घालून सकाळपासून डेकवर उभे होते, जेवायलासुद्धा खाली यायला तयार नव्हते. या दिवशी बंदर नाही, चढउतार नाही, चालणं नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही तरुणांइतकंच सगळं दिसतं. आई-बाबांना न्यायचं तर याहून चांगला दिवस मला माहीत नाही.

आता सिअ‍ॅटलहून जायचं की कॅनडातल्या व्हँकुव्हरहून? सिअ‍ॅटलच्या बोटी बहुतेक वेळा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, खुल्या पॅसिफिकमधून जातात. व्हँकुव्हरहून निघालेल्या बोटी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून जातात, दोन्ही बाजूंना डोंगर असतात. ज्यांना बोट लागते त्यांना हा फरक पहिल्याच रात्री कळतो. आईला घाटात गाडी लागत असेल, तर मी व्हँकुव्हरच सुचवते. शिवाय केबिन खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर घ्या, तिथे हलणं सर्वांत कमी जाणवतं. गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवा.

बंदरांमध्ये केचिकन, जुनो आणि स्कॅगवे बहुतेक फेऱ्यांत असतात. केचिकनला रत्नागिरीच्या तोडीचा पाऊस पडतो, पण थंड आणि बाराही महिने. चांगला रेनकोट हवाच, छत्रीवर विसंबू नका. जुनोला मेंडेनहॉल हिमनदी किंवा देवमासे, यांतलं एकच निवडा, म्हणजे धावपळ होत नाही. स्कॅगवेला मात्र हात आखडू नका. सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांसाठी १८९८ ते १९०० या काळात बांधलेली व्हाइट पासची अरुंद रेल्वे तिथून निघते आणि वीसेक मैलांत जवळपास २,९०० फूट चढते. बोगदे, लाकडी पूल, खाली खोल दरी. तीनेक तास नुसतं बसून बघायचं. आमच्याकडच्या ज्येष्ठांना ग्लेशियर बेच्या खालोखाल हीच गाडी आवडली. बाल्कनीची केबिन आणि ही गाडी, यांत एकच परवडत असेल तर गाडी घ्या. हिमनदीसमोर बोट सावकाश फिरते, त्यामुळे वरच्या डेकवरून सगळ्यांना दिसतं. आजी-आजोबा खोलीत जास्त वेळ काढणार असतील, तर मात्र बाल्कनीचं मोल वेगळं.

जेवणाची काळजी नको. रात्रीच्या जेवणाच्या वेळी हेड वेटरला सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवशी डाळ-भात, भाजी करून देतात. बऱ्याच बोटींवर गोव्याची, मुंबईची मुलं कामाला असतात, ती आपुलकीनं विचारपूस करतात. कुकर आणि किटली बोटीवर नेऊ देत नाहीत. पाकीटबंद चिवडा, खाकरा चालतो.

पैशांबद्दल एवढंच, की जाहिरातीतला आकडा खरा धरू नका. टीपचे माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर, वायफाय आणि सहली त्यात सहसा नसतात. आई-बाबांच्या विम्यात बोटीवरचे उपचार आणि आणीबाणीत हलवण्याचा खर्च येतो का, ते लेखी विचारा. विमानानं येणार असाल तर आदल्या दिवशी पोचा, बोट कुणासाठी थांबत नाही.

जून माझा आवडता महिना. उजेड रात्री दहापर्यंत असतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरपेक्षा पाऊस कमी.

आता सर्वांत महत्त्वाचं. भारतीय पासपोर्टवर आलेल्या आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा लागतो, सिअ‍ॅटलहून सिअ‍ॅटलला परत येणाऱ्या बोटीसाठीसुद्धा. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या बोटीला अशा फेरीत एका परदेशी बंदराला लागावंच लागतं, आणि जवळजवळ सगळ्याच मोठ्या क्रूझ बोटी परदेशी ध्वजाच्या आहेत. म्हणून त्या कॅनडातल्या व्हिक्टोरियाला जातात, बऱ्याचदा संध्याकाळच्या काही तासांपुरत्याच. तुम्ही बोटीवरून उतरणार नसलात तरी व्हिसा नसेल तर चढताना अडवतात. परतीसाठी अमेरिकेचा व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, कार्ड आणि पासपोर्ट सोबत ठेवला की झालं. तुम्ही एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल, तर कंपनीच्या वकिलांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका. कॅनडाच्या अर्जाला वेळ लागतो, त्यामुळे आई-बाबा अजून भारतात असतील तर तिथूनच अर्ज करू द्या. बोटीचे पैसे साधारण तीन महिने आधीपर्यंत परत मिळू शकतात, पण बुकिंग करताना ती अट वाचून घ्या आणि अनामत परत न मिळणारं स्वस्त भाडं टाळा.