उन्हाळ्याचा अर्ज माघात टाका

नागपुरात उष्णतेवर बोलणं सुरू होतं ते मेअखेरच्या नवतप्यात. पेपरात पारा पहिल्या पानावर येतो, दुपारी सिग्नल बंद ठेवल्याची, उद्यानं उघडी ठेवल्याची बातमी येते आणि जागरूक नागरिक तेव्हाच माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकतात. उत्तर येईस्तोवर मिरग लागलेला असतो. म्हणून अर्ज जानेवारीतच टाकायचा. उत्तराला ३० दिवस, पहिल्या अपिलाला ३० ते ४५ दिवस. म्हणजे अपील करावं लागलं तरी साधारण मार्चअखेर कागद हातात.

अर्जात काय मागायचं, त्याआधी एक तांत्रिक गोम. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात पारा ४० वर आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट. नाहीतर थेट ४५. आता मे महिन्यात आपली सरासरीच ४२-४३ च्या आसपास. तिच्यावर ४.५ म्हणजे जवळपास ४७! त्यामुळे व्यवहारात ४५ चीच वाट पाहावी लागते, आणि सोनेगाव वेधशाळेचा पारा तीन दिवस ४४.५ वर राहिला तरी या निकषाने लाट नाही. उष्ण रात्रीचा निकष वेगळा आहे खरा, पण तोही वेधशाळेच्या तापमापकावर ठरतो, टिनाच्या छपराखालच्या खोलीत नाही.

म्हणून शहराचा स्वतःचा उष्णता कृती आराखडा महत्त्वाचा. नागपूरने तो २०१६ मध्येच केला, देशात बऱ्याच शहरांच्या आधी. आराखडा नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. त्याच्यामागे पैसा किती आणि सही कोणाची, हे विचारायचं.

अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. राज्याचा नियम आहे आणि लांबलचक अर्ज त्याच्याच आधारे परत येतात. ‘का केलं नाही?’ असं विचारू नका. कायदा अभिलेख म्हणजे नोंदींचे कागद देतो, खुलासा देत नाही. ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं. त्याऐवजी मागा: गेल्या तीन वर्षांचे आराखडे, समन्वय अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा आदेश, बैठकांची इतिवृत्तं, आणि लेखाशीर्षनिहाय (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या बाबीप्रमाणे) तरतूद व प्रत्यक्ष खर्च. खर्चाचा रकाना कोरा असेल तर तो कोरा रकानाच तुमचा पुरावा. उष्माघाताच्या संशयित रुग्णांची फक्त तारीखवार संख्या मागा. नावं मागितली की खासगीपणाचं कलम पुढे येतं आणि आकडेही अडकतात.

‘माहिती संकलित स्वरूपात नाही’ हे ठरलेलं उत्तर आलं, तर भांडत बसण्यापेक्षा नस्तीची (फाइलची) पाहणी मागावी. पहिला तास फुकट असतो. टिपणीच्या पानांवर तारखा असतात. प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती आठवडे पडून होता ते तिथेच दिसतं.

याच धाग्यात दुसरा कागद: पर्यावरण स्थिती अहवाल. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७ अ नुसार तो आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभागृहापुढे ठेवायचा असतो. मार्च २०२२ मध्ये आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकाचाच कारभार होता. त्या काळातला अहवाल कोणापुढे ठेवला, हा प्रश्न जरूर विचारण्याजोगा आहे. त्यासाठी अर्ज वेगळा करा, आरोग्याच्या अर्जात कोंबू नका.

कागद आल्यावर सगळ्या शहराचं गाऱ्हाणं घेऊन जाण्यापेक्षा आपल्या प्रभागापुरती एक मागणी घेऊन नगरसेवकाकडे जावं: अमुक बस थांब्यावर शेड, अमुक दवाखान्यात थंड खोलीतल्या खाटा, अंदाजे खर्चासह. अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी गेलात तर तरतूद होऊ शकते. एप्रिलमध्ये गेलात तर ‘पुढच्या वर्षी पाहू’.

पहिलं अपील जोडपत्र ‘ब’ मध्ये, २० रुपयांचा स्टॅम्प. दुसरं ९० दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. तिथे मात्र तारीख लागायला फार वेळ जातो, तेव्हा पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहणं सोडू नका.