दसरा उघडला, दिवाळी नाही

आमच्या गावच्या वाचनालयाचं संकेतस्थळ आम्ही चार-पाच जणांनी हौसेनं वर्डप्रेसवर, म्हणजे संकेतस्थळं बनवण्याच्या तयार प्रणालीवर, उभं केलं होतं. सणांच्या आठवणी, जुन्या शाळेचे फोटो, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, असं करत तीनशेच्या वर लेख साठले. गेल्या वर्षी होस्टिंगचे पैसे पुन्हा भरायचे नाहीत असं ठरलं. मात्र सगळे लेख वाचनालयातल्या संगणकावर नेटशिवाय वाचता आले पाहिजेत, एवढीच ग्रंथपाल काकांची अट होती. तिथे नेट म्हणजे काकांचा फोन चार्ज असेल तेव्हा असणारी गोष्ट.

मी सुरुवात केली ती ब्राउझरच्या ‘सेव्ह ॲज’पासून. पान उतरलं, शेजारी चित्रांचा फोल्डरही आला. पण त्या पानावरची प्रत्येक लिंक मूळ संकेतस्थळाकडेच जात होती. म्हणजे तीनशे सुटी पानं, एकमेकांशी बोलचाल नसलेली. म्हणून माझ्या लॅपटॉपवरच्या उबुंटू या लिनक्स प्रणालीत डब्ल्यूगेट काढलं; अख्खं संकेतस्थळ उतरवून घेणारा हा प्रोग्राम. ‘मिरर’ आणि ‘कन्व्हर्ट-लिंक्स’ हे दोन पर्याय दिले की तो सगळं उतरवून घेतो आणि लिंका डिस्कवरच्या फायलींकडे वळवतो, हे माहीत होतं. लिंका वळवण्याचं काम तो सगळं उतरवून झाल्यावर, अगदी शेवटी करतो, हे मात्र माहीत नव्हतं. दोन तास झाले आणि वीज गेली. राउटर बंद पडला, मीही वैतागून ते थांबवलं. फायली होत्या, लिंका सगळ्या जशाच्या तशा. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून.

या वेळी काम पूर्ण झालं. मुखपृष्ठ उघडलं, ‘दसरा’ उघडला, ‘शाळा’ उघडली, फोटो दिसले. टर्मिनलमधून सगळं पेनड्राइव्हवर कॉपी केलं. चुकांच्या बऱ्याच ओळी भराभर वर सरकल्या, पण मी चहा घेत होतो. शनिवारी वाचनालयात जाऊन पेनड्राइव्ह लावला. काकांनी चष्मा सारखा केला आणि ‘दिवाळी’वर क्लिक केलं. फाइल सापडत नाही. ‘होळी’वर केलं. तेच. ‘दसरा’ उघडला, पण त्यातले फोटो गायब.

“अरे, तुझ्याकडे तर चालत होतं ना?” काका म्हणाले. त्यांचा सूर चौकशीचा होता, पण मला तो टोमणाच वाटला.

फोटोंचं कोडं आधी सुटलं. घरी येऊन वायफाय बंद केलं आणि माझ्या लॅपटॉपवरही फोटो गेले! म्हणजे ते कधी उतरलेच नव्हते, दर वेळी नेटवरून येत होते. मी आठवडाभर ‘ऑफलाइन’ प्रत ऑनलाइन बसून तपासत होतो. पानाचा सोर्स पाहिल्यावर कारण कळलं. जुन्या लेखांत फोटोंचे पत्ते पुढे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ नसलेले होते, आणि मी उतरवत होतो ते संकेतस्थळ ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’वालं. आपल्याला दोन्ही एकच. डब्ल्यूगेटच्या लेखी ती दोन वेगळी घरं, आणि सांगितल्याशिवाय तो शेजाऱ्याकडे जात नाही. न उतरलेल्या गोष्टीची लिंक तो पूर्ण ऑनलाइन पत्त्यावर ठेवतो, म्हणून नेट असताना सगळं सुरळीत दिसायचं. ‘स्पॅन-होस्ट्स’, म्हणजे दुसऱ्या घरीही जायची परवानगी, चालू केलं आणि ‘डोमेन्स’मध्ये आपलंच डोमेन दिलं. तो दुसरा पर्याय विसरलात तर तो साऱ्या जगाचे फोटो आणायला निघेल.

दिवाळीचं कोडं मात्र तीन रात्री पुरलं. एकाच संकेतस्थळावरचे, एकाच माणसाने टाकलेले दोन लेख. एक उघडतो, दुसरा नाही. फायलींची यादी काढली तर ‘दसरा’ आणि ‘शाळा’ हे फोल्डर स्वच्छ देवनागरीत दिसत होते. ‘दिवाळी’च्या जागी ‘दिवाळ’, मग एक-दोन प्रश्नचिन्हांचे चौकोन, मग टक्क्याची खूण आणि ८०. दीर्घ ईची वेलांटी फुटली होती. ‘मराठी’चंही तेच झालेलं, ‘मराठ’पर्यंत ठीक, पुढे कचरा.

उत्तर डब्ल्यूगेटच्या मॅन्युअलमध्येच होतं. संगणक अक्षरं बाइटांत, म्हणजे ० ते २५५ या अंकांत, साठवतो. फाइलचं नाव लिहिताना डब्ल्यूगेट १२८ ते १५९ या मूल्यांचे बाइट ‘नियंत्रण-चिन्हं’ समजून टक्क्याच्या खुणेत बदलतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं. पहिले दोन या पट्ट्याबाहेर असतात, तिसरा मात्र अक्षरागणिक बदलतो. कागद घेऊन मांडलं. ‘ठ’चा तिसरा बाइट १६०, एका अंकानं वाचला. ‘ट’चा १५९, गेला. ‘क’पासून ‘ट’पर्यंतची व्यंजनं सगळी फुटतात, ‘ठ’पासून ‘ह’पर्यंतची सुटतात. काना १९०, ऱ्हस्व वेलांटी १९१, दोन्ही सुखरूप. दीर्घ वेलांटी बरोब्बर १२८, पट्ट्याच्या पहिल्याच पायरीवर. उकार, मात्रा, हलन्त सगळे त्यातच. ‘दसरा’ या शब्दात केवळ नशिबानं एकही वाईट बाइट नाही! शाळेत ऱ्हस्व-दीर्घावरून मार खाल्ला होता, पण संगणकही तोच भेद करेल असं वाटलं नव्हतं.

फुटक्या नावातले दोन बाइट स्वतंत्रपणे वैध यूटीएफ-८ नसतात. ब्राउझर लिंकमध्ये त्यांच्या जागी दुसरंच चिन्ह धरतो आणि त्या नावाची फाइल डिस्कवर नसते. पेनड्राइव्हनं तर ही नावं घेतलीच नव्हती. चहाच्या वेळी सरकलेल्या ओळी त्याच. उपाय एका शब्दाचा निघाला: ‘रिस्ट्रिक्ट-फाइल-नेम्स’ या पर्यायाला ‘नोकंट्रोल’, म्हणजे ती नियंत्रण-चिन्हं बदलू नकोस. स्वल्पविराम देऊन त्याच्या आधी ‘विंडोज’ही लिहिलं, कारण नावातलं प्रश्नचिन्ह पेनड्राइव्हवर चालत नाही, आणि ब्राउझरलाही लिंकमध्ये नुसतं प्रश्नचिन्ह दिसलं की नाव तिथंच संपलं असं वाटतं. ‘विंडोज’ दिलं की त्याच्या जागी ‘ॲट’ची खूण येते.

प्रश्नचिन्हांच्या फायली आल्या कुठून, तर प्रत्येक प्रतिसादाखालच्या ‘उत्तर द्या’ या लिंकेतून. प्रत्येक लिंकमागे अख्ख्या पानाची एक प्रत. ‘रिजेक्ट-रेजेक्स’नं त्या वगळल्यावर फायली निम्म्याहून कमी झाल्या.

यातच आणखी एक दिसलं. लांब मथळ्यांचे पत्ते मध्येच तुटलेले होते. तो दोष उतरवण्यातला नव्हे. वर्डप्रेस पत्त्यातलं नाव २०० अक्षरांत बसवतो, आणि टक्क्यांच्या खुणांत लिहिलेलं एक देवनागरी अक्षर नऊ जागा खातं. म्हणजे बावीस अक्षरं, त्यात काना-मात्राही मोजायच्या. ते मी तसंच सोडलं.

शोधपेटी मेली, तिला मागे सर्व्हर लागतो. तिच्या जागी सगळ्या मथळ्यांचं एक लांबलचक पान केलं. कंट्रोल आणि एफ दाबून शोधायचं हे काकांना दोनदा दाखवलं. पुढच्या शनिवारी त्यांच्या फोनचं हॉटस्पॉट आधी बंद करायला लावलं आणि मग पेनड्राइव्ह लावला. त्यांनी दिवाळी उघडली, होळी उघडली, फोटो पाहिले. मग एका मुलाखतीवर आले, जिथे पूर्वी यूट्यूबचा व्हिडिओ होता आणि आता राखाडी चौकोन उरला होता.

“आणि हे?” काकांनी विचारलं.