तुम्ही विचारलंत म्हणून: वायरलेस ब्रॉडबँडच्या कंपन्यांत पैसे गुंतवावेत का?

लातुरात करसल्लागार म्हणून काम करताना शिक्षक, दुकानदार आणि अडतीवरून सोयाबीनची पट्टी घेऊन थेट माझ्याकडे आलेले शेतकरीही एक प्रश्न हमखास विचारतात: आता घरोघरी तारेविना इंटरनेट येत आहे, तर ते तंत्रज्ञान उभारणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवावेत का? कोणता शेअर घ्या हे सांगण्यासाठी लागणारी सेबीची, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाची, नोंदणी माझ्याकडे नाही. मात्र विचार कसा करावा, हे सांगू शकतो.

तंत्रज्ञान चालेल, याबद्दल मला शंका नाही. बालाघाटाच्या रांगांमधील वाड्या-तांड्यांपर्यंत केबल नेणे जिथे परवडत नाही, तिथे टॉवरवरून येणारे ब्रॉडबँडच उपयोगी आहे आणि ते लवकर यावे, असे मला मनापासून वाटते. परंतु तंत्रज्ञान रुजणे आणि त्यात पैसे घालणाऱ्याला नफा होणे या दोन गोष्टींची या व्यवसायात वारंवार फारकत झालेली आहे.

२०१० साली ब्रॉडबँडसाठी २३०० मेगाहर्ट्झच्या स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्याचा, लिलाव झाला, तेव्हा वायमॅक्स या वायरलेस ब्रॉडबँड तंत्रज्ञानाचा मोठा बोलबाला होता. देशातील सर्व २२ दूरसंचार परिमंडळांचा स्पेक्ट्रम जिंकणारी इन्फोटेल ही कंपनी रिलायन्सने लगोलग ताब्यात घेतली. पण जिओची सेवा सुरू झाली ती सप्टेंबर २०१६ मध्ये आणि वायमॅक्सवर नव्हे, तर एलटीईवर, म्हणजे फोर-जीवर. म्हणजे वायरलेसचा अंदाज अचूक ठरूनही सहा वर्षे थांबावे लागले. त्यानंतर डेटाचे दर कोसळले, ग्राहकांचे भले झाले, आणि रिलायन्स कम्युनिकेशन्ससारखी एके काळची बलाढ्य कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

याचे मूळ खर्चाच्या रचनेत आहे. २०२२ च्या फाइव्ह-जी लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या आणि ती रक्कम वीस वार्षिक हप्त्यांत फेडण्याची मुभा मिळाली. ग्राहक येवोत वा न येवोत, हप्ता चुकत नाही. शिवाय फाइव्ह-जीच्या २६ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असल्या तरी भिंतीने, झाडानेही अडतात, त्यामुळे दाट वस्तीच्या शहरात जे गणित जमते ते आपल्या विरळ वस्तीत जमेलच असे नाही.

सेवा देणाऱ्यांऐवजी उपकरणे बनवणाऱ्यांत पैसे घालावेत, असेही काहीजण सुचवतात. तिथे ऑर्डर कोणाची, हे आधी पाहावे. बीएसएनएलच्या फोर-जीसाठी उपकरणे पुरवणाऱ्या तेजस नेटवर्क्सचा महसूल २०२४-२५ मध्ये ८,९०० कोटी रुपयांच्या पुढे गेला आणि पुढच्याच तिमाहीत तो सुमारे २०० कोटींवर येऊन तोटा झाला. ही कंपनी वाईट आहे, असा याचा अर्थ नाही; एका मोठ्या ग्राहकाचे काम संपले की ताळेबंद असाच हलतो.

म्हणून वार्षिक अहवालात आधी कर्ज, मग ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम आणि व्यवसायातून प्रत्यक्ष आलेली रोकड पाहावी. खरिपाच्या बी-बियाण्याचे किंवा मुलांच्या शिकवणीचे पैसे यात मुळीच घालू नयेत. सात-आठ वर्षे ज्यांची गरज पडणार नाही, तेवढेच घालावेत, आणि तेही एकाच कंपनीत नव्हे. ज्या कंपनीचे नाव मनात असेल तिचा मागील तीन वर्षांचा अहवाल घेऊन या, आपण सोबत बसून वाचू.