ब्रशमधलं पाणी, जलरंग शिकतानाचा माझा अनुभव

मी ठाण्यात राहते, नोकरी ऐरोलीला. लेकीच्या शाळेच्या सामानातल्या कॅमलच्या ट्यूबा उरल्या होत्या, त्या घेऊन जूनपासून रात्री जेवणं आटोपली की डायनिंग टेबलावर बसायला लागले. लहानपणापासून मनात होतं, पण कधी जमलंच नव्हतं.

पहिले तीन आठवडे रोज एकच व्हायचं. आकाश घ्यायचे, निळा रंग मस्त पसरायचा, मग एखादी जागा फिकी वाटायची म्हणून तिथे परत ब्रश लावला की दोन मिनिटांत तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग, मधे पांढुरकं आणि कडेला गडद वेडीवाकडी रेघ. मी रंगाला दोष दिला, मग ब्रशला, नवीन आठ नंबरचा गोल ब्रश आणला, तरी तेच. खूप वाईट वाटायचं, खरंच सांगते, एकदा तर रडू आलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काका आहेत, शाळेत ड्रॉइंगचे सर होते, आता रिटायर्ड. त्यांच्याकडे वही घेऊन गेले तर त्यांनी चित्राकडे बघितलंच नाही, म्हणाले, "माझ्यासमोर एक वॉश दे बघू." मी दिला, म्हणजे पातळ रंगाचा एक सलग थर कागदावर पसरला. ते हाताकडे बघत होते. "अगं, रंग किती घेतेस ते बघतेस, पाणी किती घेतेस ते बघतच नाहीस. फडकं कुठाय तुझं?"

फडकं नव्हतंच माझ्याकडे! काकूंनी जुन्या सुती साडीचा तुकडा दिला, तो अजून वापरते. ब्रश पाण्यातून काढला की आधी फडक्यावर टेकवायचा, मगच कागदावर न्यायचा. कारण असं की कागद अर्धवट वाळलेला असताना त्याच्यापेक्षा ओला ब्रश लावला तर ते जादाचं पाणी आजूबाजूला पळतं आणि तिथला रंग ढकलत कडेला नेऊन ठेवतं, तोच माझा फ्लॉवर. म्हणजे कागदावर जेवढं पाणी आहे त्याच्यापेक्षा ब्रशमध्ये कमी पाहिजे, एवढं एक कळायला मला तीन आठवडे लागले.

दुसरं काकांनी शिकवलं ते कागद तिरका धरून चमक बघायला. ट्यूबलाइटचा उजेड कागदावर चकाकतोय तोपर्यंत रंग घालता येतो, चकाकी मरून कागद मंद दिसायला लागला की हात मागे घ्यायचा. मग पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, हाताची पालथी बाजू लावून बघायची, गार लागला तर अजून आत ओल आहे. जुलैमध्ये हे थांबणं फार जड जातं, हवेतच एवढा दमटपणा की मे महिन्यात दहा मिनिटांत वाळेल तो वॉश अर्धा तास तसाच, मी हेअर ड्रायर लांबून धरते.

मग महिनाभर मी चित्र काढलंच नाही, नुसते चौकोन. एकच निळा, पातळ ताकाइतका, दुधाइतका, सायीइतका. कागद लावलेला पाट पुस्तकावर टेकवून थोडा तिरका करायचा, वरून आडवा पट्टा ओढायचा, खालच्या कडेला रंगाचा फुगीर ओघळ जमतो, तोच पुढच्या पट्ट्यात खाली न्यायचा, मधे ब्रश सुकू द्यायचा नाही आणि शेवटी उरलेला ओघळ पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचा. हा टिपला नाही तर तो परत वर चढतो. पहिला डाग नसलेला चौकोन झाला तेव्हा रात्री साडेअकराला नवऱ्याला उठवून दाखवला.

कागदाचं पण सांगते, साधा कार्ट्रिज पेपर, म्हणजे नेहमीचा ड्रॉइंगचा कागद, पाणी पडलं की फुगतो, खळगे होतात आणि रंग त्या खळग्यात जाऊन बसतो, मग कितीही काळजी घ्या. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद महाग आहे पण एका शीटचे चार तुकडे केले की परवडतो. रंग कमी घ्या, पण कागद चांगलाच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

काकांच्या भिंतीवर चित्रकार सावळाराम हळदणकरांच्या त्या दिवा धरलेल्या बाईच्या चित्राचं प्रिंट आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. मी इतकी वर्षं ते ऑइल समजत होते, ते जलरंगातलं आहे हे कळल्यावर कितीतरी वेळ तिच्या बोटांतून येणाऱ्या त्या लाल उजेडाकडे बघत उभी राहिले.

ऑगस्टमध्ये एका रविवारी सकाळी ठाण्यातल्याच उपवन तलावावर जाऊन बसले, समोर येऊरचे डोंगर, वर ढग उतरलेले. आकाशाचा वॉश चकाकत असतानाच अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून केलेला करडा, सायीइतका घट्ट, डोंगराच्या माथ्याला लावला. तो वर ढगात अर्धा इंच सरकला आणि तिथेच थांबला. मी ब्रश फडक्यावर ठेवून दिला.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून जवळून बघितलं आणि म्हणाले, "डोंगर झाला. आता तळ्याचं पाणी घे."