त्या शेतातली नाणी संपत कशी नाहीत?

भाचरांचा फोन आला की हा प्रश्न ठरलेला. ‘मावशी, तू दरवर्षी त्याच शेतात मेटल डिटेक्टर घेऊन जातेस, तिथली नाणी संपत कशी नाहीत?’ आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

शेत सफोकमध्ये आहे, इंग्लंडच्या पूर्वेला. मालकाची परवानगी आहे, जे सापडेल त्यात त्याचा निम्मा वाटा. कापणी झाल्यापासून पुढची पेरणी होईपर्यंतच आत पाऊल टाकायचं. 1840 च्या सुमाराचा नकाशा पाहिला, तर चर्चकडे जाणारी पायवाट तेव्हा आजच्यापेक्षा बरीच वर होती. आज तिथे पायवाटेची खूणही नाही, पण नाणी निघतात ती त्याच रेषेवर. शेकडो वर्षं माणसं त्या वाटेनं गेली आणि त्यांच्या थैल्यांतून पैसे गळत राहिले.

ते संपत नाहीत, कारण मशीनला सगळी जमीन दिसतच नाही. मध्ययुगातलं चांदीचं नाणं आपल्या रुपयाहून लहान आणि कागदासारखं पातळ. वीतभर खाली गेलं की कॉइलला, म्हणजे मशीनच्या खालच्या चकतीला, ते कळत नाही. मातीत उभं रुतलं असेल तर आवाज इतका बारीक येतो की वाऱ्यात ऐकूच येत नाही. शेजारी गंजका खिळा असला तर नाणं त्याच्याआड दडतं. मग नांगर फिरतो आणि खालचं वर येतं, उभं होतं ते आडवं होतं, खिळा दोन हात लांब जातो. म्हणून गेल्या वर्षी मुका राहिलेला पट्टा यंदा बोलतो. उत्तर-दक्षिण पालथं घातलेलं शेत पूर्व-पश्चिम चाललं तरी नवे सिग्नल मिळतात. पाऊस मुरल्यावर जावं आणि कॉइल धसकटांना घासत अगदी सावकाश फिरवावी. भराभर चालणारे लोक ‘इथे काही उरलं नाही’ म्हणत निघून जातात, ते मला पटत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो कापलेला अर्धा पेनी. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्री राजानं 1247 पासून पाडलेल्या पेनीवर, म्हणजे तेव्हाच्या चांदीच्या नाण्यावर, मागच्या बाजूला कडेपर्यंत जाणारा क्रूस आहे. सुटे पैसे हवे असले की त्याच रेषेवर नाणं कापायचे, अर्धं किंवा पाव. ढेकूळ फोडलं की काळपट, किंचित वाकलेला तुकडा हाती येतो. कापलेली कड सरळ आणि धारदार असते, दुसरी गोल कड झिजलेली. त्या तुकड्यानं कुणीतरी खरोखर काही विकत घेणार होतं, हे बोटांना कळतं.

प्रत्येक नाण्याची जागा मी नकाशावर टिपते आणि नाणं या भागात सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवते. तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली, तर इंग्लंडमधल्या 1996 च्या कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत कळवावंच लागतं. सफोकमध्येच हॉक्सन इथे 1992 साली एरिक लॉज शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते आणि त्यांना रोमन ठेवा लागला, जवळजवळ पंधरा हजार नाणी. ते खणत सुटले नाहीत, त्यांनी लगेच कळवलं. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना तो ठेवा लाकडी पेटीत कसा रचला होता तेसुद्धा कळलं. या छंदात मला त्यांच्याइतका आदर दुसऱ्या कुणाबद्दल नाही.

‘मग आम्हीही मशीन घेऊन किल्ल्यावर जातो’ असं कुणी म्हटलं, तर माझं उत्तर नाही असंच आहे. भारतात संरक्षित स्मारकावर खणणं गुन्हा आहे, आणि जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा 1878 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. पण पैठण किंवा तेरच्या बाजूला शेत असेल आणि पावसानंतर सातवाहनांचं एखादं नाणं आपसूक वर आलं, तर ते चिंचेनं घासू नका. कुठल्या गटात, कुठल्या बांधापासून किती पावलांवर मिळालं ते त्याच दिवशी लिहून ठेवा आणि जवळच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात दाखवा.